हिरव्या पाण्यातले साहेब

"ताई, साहेब दिसूनच नाही राहिले!"

प्रशांतचा फोन होता. साहेब म्हणजे त्यांच्या फिशटँकमधला गुबगुबीत नारिंगी मासा. मी नागपुरात घरोघरी जाऊन फिशटँकची देखभाल करते. "हे पण काम असते का वं?" असं मला अजूनही लोक विचारतात. असतं. ज्याच्या टाकीचं पाणी बिघडलंय, त्याला विचारा.

प्रशांतच्या टाकीची गोष्ट जरा वेगळी होती. ती शोभेसाठी घेतलेली नव्हती. त्याचे वडील, म्हणजे बाबा, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण जीभ अडखळायला लागली. स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं, रोज काहीतरी दाखवून त्यांना बोलतं ठेवा. घरच्यांनी चित्रांची कार्डं आणली. हे केळं, हा पोपट. जन्मभर लोकांकडून काम करून घेतलेल्या माणसाला पोपट म्हणायला लावलं तर तो काय करणार? बाबांनी तोंड फिरवलं.

मग उन्हाळ्यात ही टाकी आली. प्लँटेड टँक, म्हणजे प्लॅस्टिकची नाही तर खरी झाडं लावलेली टाकी. बाबांनी स्वतःहून माशांना नावं दिली आणि सगळी आपल्या नोकरीतली दिली. साहेब, फोरमन, बाबू, टाइमकीपर. सकाळचा चहा झाला की टाकीसमोर खुर्ची ओढायची आणि हजेरी घ्यायची. एकेक शब्द ओढूनताणून यायचा, पण यायचा.

आणि आता साहेबच दिसत नव्हते.

मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी गेले, कारण प्रशांत ऑफिसातून तेव्हाच येतो. टाकीत पालक उकडल्यासारखं पाणी. पांढऱ्या कपात थोडं काढून पाहिलं. पाणी दुधट दिसलं तर तो बॅक्टेरियाचा उद्योग असतो, तो बहुधा आपोआप निवळतो. हे चक्क हिरवं होतं. म्हणजे शेवाळ. काचेला चिकटणारं नाही, तर पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना एकेक न दिसणारं. त्याला दोनच गोष्टी लागतात, खायला आणि उजेड.

"घरात काही बदललं का?" मी विचारलं. हा माझा ठरलेला प्रश्न.

"काहीच नाही ताई."

"नीट आठवा. नवीन खाणं? झाडांचं खत? टाकी हलवली?"

"अहो, काहीच नाही. सगळं जसंच्या तसं आहे," रूपाली म्हणाली. ही प्रशांतची बायको. "हेच बिचारे रोज अर्धं पाणी बदलून राहिले."

"आणि बाबांना मासे दिसावेत म्हणून लाइट दिवसभर चालू ठेवून राहिलो," प्रशांत कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे शेवाळाला रोज नळाच्या ताज्या पाण्यातून नवं खाणं आणि वर दिवसभर उजेड. जावयाचा पाहुणचारसुद्धा असा होत नाही. दोन्ही बंद करायला सांगितलं. लाइट थोडाच वेळ, खाणं अगदी चिमूटभर. निवळेल म्हणाले आणि निघाले.

निवळलं नाही. काही दिवसांनी रूपालीचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, पाणी अजूनच गडद झालं. बाबांनी बोलणं टाकलं आहे. पाणी पाहिजे असलं तरी बोट दाखवतात. थेरपीवाल्या मॅडम म्हणतात, असंच राहिलं तर आलेलं बोलणं पण जाईल. तुमच्याकडून होत नसेल तर तसं सांगा ना, आम्ही दुसऱ्या कोणाला बोलावतो."

मला राग आला. फोन ठेवल्यावर कळलं की तो राग नव्हता, भीती होती. माणूस माझ्या टाकीकडे बघून गप्प झाला होता. संध्याकाळची वाट बघणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले.

रूपालीने दार उघडलं. बाबा टाकीकडे पाठ करून बसलेले. मी टाकीसमोर वाकले आणि डोळेच दिपले. समोरच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर येत होतं.

"ही खिडकी कुठून आली?"

"आली म्हणजे? आधीपासूनच आहे," रूपाली म्हणाली. "तिथं कूलर असते ना."

"कूलर कुठे गेला?"

"गच्चीवर. दिवाळीच्या साफसफाईत काढला. सगळेच काढतात."

"रूपाली, मी विचारलं होतं ना, काही बदललं का म्हणून!"

"ताई, कूलर काढला म्हणजे काही बदललं, असं कोणी म्हणते का?"

माझ्या घरचा कूलरही तेव्हाच निघाला होता आणि मला कोणी विचारलं असतं तर मीही "काहीच नाही" असंच म्हटलं असतं. नागपुरात कूलर बसवणं आणि काढणं हे स्वेटर घालण्या-काढण्यासारखं असतं. त्याला कोणी बदल म्हणत नाही. मे महिन्यात टाकीचं पाणी तापू नये म्हणून कूलरच्या वाऱ्यात ठेवलेली ती टाकी. तेव्हा जागा अगदी बरोबर होती. गारवाही मिळायचा आणि कूलरच्या धुडाने खिडकीही झाकलेली असायची. आता धूड गेलं आणि रोज सकाळी शेवाळाची चंगळ सुरू झाली. मी जायची संध्याकाळी, तेव्हा त्या खिडकीत काळोख.

खिडकीला जाड पडदा लावायला सांगितला. पण झालेलं शेवाळ तेवढ्याने जाणार नव्हतं. औषध टाकलं असतं तर झाडांना त्रास. म्हणून ब्लॅकआउट ठरवला, म्हणजे टाकी काही दिवस पूर्ण झाकायची. उजेड नसला की शेवाळ मरतं. झाडं तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. मरणारं शेवाळ पाण्यातली हवा ओढून घेतं, म्हणून एअर पंप मात्र रात्रंदिवस चालू.

रूपालीने आतून पांढरी चादर आणली. टाकीवर टाकणार तोच बाबांनी तिचा हात धरला. डोळे भरलेले. पांढरी चादर बघून त्यांना काय वाटलं ते मला कळलं.

"पांढरी नको, गोधडी आण," मी म्हणाले. बाबांजवळ बसले. "बाबा, कोणी गेलेलं नाही. साहेबांची ड्यूटी बंद आहे. शटडाऊन घेतलाय."

शटडाऊन हा त्यांच्या प्लांटमधला शब्द. मशीन दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तो. बाबांनी हात सोडला.

ते दिवस मला जड गेले. आत मासे जिवंत आहेत की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. गोधडी काढायची त्या सकाळी पोहोचले तर तिघेही माझीच वाट बघत होते. मी गोधडी ओढली.

पाणी स्वच्छ. झाडं जराशी फिकट, बाकी ठणठणीत. मागच्या दगडाआडून साहेब पोट सांभाळत बाहेर आले. मी मोकळा श्वास घेतला. रूपालीने तर सरळ माझा हात घट्ट धरला.

बाबा खुर्ची ओढून बसले. ओठ हलले.

"सा... साहेब." थोड्या वेळाने, "फोरमन."

मग ते एकदम पुढे वाकले आणि काचेवर बोट ठेवलं. झाडांच्या मुळाशी जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं पळत होती. एरवी ही पिल्लं मोठे मासे गिळून टाकतात. हिरव्या पाण्यात ती कोणाला दिसली नव्हती, त्यांच्या आईबापांनासुद्धा नाही. त्या शेवाळात खायलाही भरपूर मिळालं होतं. ज्या पाण्याला आम्ही सगळे शिव्या देत होतो, त्यानेच ती वाचवली होती.

"काय आहे बाबा?" प्रशांतने विचारलं.

बाबांनी बराच वेळ शब्द जुळवला. मग आमच्याकडे वळून, झटक्यानंतर पहिल्यांदाच हसत म्हणाले, "नवीन... भरती झाली नं गा!"

प्रशांत तोंड फिरवून आत गेला. चहा ठेवायला, असं त्याने सांगितलं.

अजूनही फोन येतात, "ताई, पाणी हिरवं झालं, टाकीत काय टाकू?" मी म्हणते, टाकायचं नंतर बघू. आधी घरातून काय काढलं ते सांगा.