वरच्या शाळेला उसनी पोरं

फेब्रुवारीची अकरा तारीख. शाळेच्या वऱ्हांड्यात बसून मी खिचडीचं पातेलं राखेनं घासत होते. वरच्या शाळेचे मुख्याध्यापक मोटारसायकलवर आले. उतरले नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून बोलले.

"मावशी, उद्या कमिटी येते. तुमची साक्षी, तो आयान आणि प्रणय, तिघांना आठ वाजता वर पाठवा. आंघोळ घालून पाठवा."

साक्षी माझी धाकटी. चौथीत.

"अन् बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे राहू द्या खालीच. कमिटीला इथंही काही दिसलं पाहिजे ना." हसले. हँडलला अडकवलेली पिशवी माझ्यापुढे टाकली. आत त्यांच्या शाळेचे तीन गणवेश, टायसकट. "आणि तुम्हीही या. कपबशा घासायला बाई कमी आहे. फक्त पाण्याच्या माठाला हात लावू नका. पाहुणे असतात."

पाहुणे असतात. जसा काही विटाळ पाहुण्यांनाच होतो.

गाव एकच, चांदूर बाजारजवळचं. मधून नाला जातो. नाल्याच्या वर त्यांची शाळा: रंगवलेल्या भिंती, मोठा टीव्ही, कुंड्या. खाली बौद्धपुऱ्याला लागून आमची: दोन खोल्या, एक सर, एकोणीस पोरं. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच. यंदा दोन्हींची तुलना व्हायची होती. कमिटी पोरांकडून वाचून घेणार, गुण देणार. कमी गुणांची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळून टाका, असा शेरा जाणार. पावसाळ्यात आमचा नाला तीन-तीन दिवस उतरत नाही. पहिलीतली पोरं तो कशी ओलांडणार? खालची शाळा बंद म्हणजे आमच्या पोरींचं शिकणं बंद. एवढं सरळ होतं ते.

आणि आसपासच्या सगळ्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्राचा कारभारही याच मुख्याध्यापकांकडे. धावणाराही तोच, शिट्टी वाजवणाराही तोच.

मी आमच्या सरांकडे पाहिलं. ते फळा पुसत होते. पुसलेलाच फळा.

"सर, तुम्हाले मालूम होतं?"

"ताई, माझी बदली करतील."

साक्षीला वाचायला यांनीच शिकवलं. आपली मेहनत दुसऱ्याच्या ताटात वाढताना माणसाच्या तोंडून साधं 'नाही' निघू नये. फळा मात्र लख्ख झाला.

पिशवी उघडली. कोऱ्या कापडाचा वास आला आणि मला तो झगा आठवला.

मी चौथीत होते. तेव्हा शाळा तपासायला डिप्टी साहेब यायचे. मी घडाघडा वाचायची, म्हणून वरच्या शाळेच्या बाई मला त्या दिवसापुरतं घेऊन गेल्या. माझा झगा फाटका. त्यांनी पाटलांच्या मुलीचा झगा मला घातला. मी वाचलं. साहेबांनी पाठ थोपटली, पोरगी कुठली म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "आमच्याच शाळेची." साहेबांची गाडी गेली तशा पाटलीणबाई झगा न्यायला आल्या. तो मला वऱ्हांड्यातच काढायला लावला. सगळा वर्ग बघत होता. मग त्यांनी काडीनं उचलून तो बादलीत टाकला. माझा झगा बाईंच्या कपाटात, कपाटाला कुलूप, बाई निघून गेलेल्या. मी चड्डीवर नाला उतरून घरी आले.

आणि मी खूश होते. लाज वाटते, पण सांगते. ती साहेबांची थाप मी कित्येक वर्षं मिरवली. माझी माय तेवढी म्हणाली होती, "वाचलं तुनं, अन् नाव कोनाचं झालं वं?" मला तिचाच राग आला. अडाणी बाई, वाटलं. अडाणी मी होते.

संध्याकाळी साक्षीनं टाय गळ्यात अडकवून पाहिला. मग म्हणाली, "आई, आमी तिघं वर गेलो तं आपल्या शाळेत कमिटीले वाचून कोन दाखवन? छकुलीले तं अजून जोडाक्षरं जमत नाई."

दहा वर्षांची पोर. मला एवढं समजायला पस्तीस वर्षं लागली.

"काढ तो टाय," मी म्हटलं.

"काहून?"

"आपलं नाही म्हनून."

आमच्या पोरांना डोकं नसतं, असं हे लोक चहाच्या टपरीवर सांगतात. आणि डोकं उचलून न्यायला नाला उतरून खाली येतात. एवढा टीव्ही, एवढ्या कुंड्या, आणि धड वाचणारी तीन पोरं घरची निघत नाहीत. चोरीही स्वतः करायची नाही. पोरांच्या आईनंच न्हाऊ-माखू घालून माल पोचवायचा. वरून कपबशा घासायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेशांच्या घड्या केल्या, पिशवी उचलली आणि आठला वर गेले. दारात रांगोळी. कमिटीचे तिघं नुकतेच खुर्च्यांवर टेकले होते. त्यात एक मॅडम.

"मावशी, भांडी मागच्या बाजूला," मुख्याध्यापक म्हणाले.

मी पिशवी मॅडमसमोरच्या टेबलावर ठेवली. "हे कपडे या शाळेचे. आमच्या तीन पोरांना हे चढवून इथले मुख्याध्यापक तुमच्यापुढं उभं करनार होते. पोरं खालच्या शाळेची आहेत. हजेरी काढून पाहा. त्यांचं वाचन ऐकायचं असन, तं नाला उतरून या."

हार घेऊन उभा असलेला शिपाई तसाच उभा राहिला. मॅडमनी पिशवीतला टाय बाहेर काढून पाहिला.

"तुमचं खिचडीचं काम जाईल, मावशी," मुख्याध्यापक दात आवळून म्हणाले.

"जाऊ द्या."

मग मी माठापाशी गेले. झाकण काढलं, ग्लास बुडवला आणि सगळ्यांसमोर पोटभर पाणी प्यायले. ग्लास पालथा घालून ठेवला.

खाली आले तर एकोणीसही पोरं रांगेत बसलेली. आंघोळ करून, आपापल्या कपड्यांत. मी फाटक सताड उघडलं. कमिटी येवो न येवो, या फाटकातून एकही पोर आता उसनं जाणार नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही.

चूल पेटवली आणि साक्षीला म्हटलं, "वाच. नाल्याच्या वर ऐकू गेलं पाहिजे."