आस्तेदादांनी उतरवलेला जोर

आस्तेदादांइतका भित्रा डीजे मी पाहिला नाही. कार्यक्रमाच्या जागी गेलं की आम्ही आधी स्पीकर बघायचो. ते छत बघत, जिना बघत आणि मग लोकांच्या पायांकडे टक लावून बसत. "आस्ते, भावा, आस्ते," हे त्यांचं पालुपद. त्यापुढे खरं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पिंपळे गुरवमधल्या जुन्या शेतकरी घरातले ते. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला होते आणि मी तिथेच क्वालिटीला. टेक्नो, म्हणजे एकसारख्या ठोक्यावर नाचवणारं संगीत, वाजवायला मला त्यांनी शिकवलं, सुट्टीच्या दिवशी, काळेवाडीतल्या माझ्या खोलीवर.

त्यांचे वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे ट्रॅकचा स्वर त्यांच्या तोंडी कायम 'पट्टी'च असायचा. वहीत प्रत्येक ट्रॅकपुढे तीन रकाने : पट्टी, वेग, जोर. जोराला एक ते दहा गुण. "पट्टी जुळली की गाणं बदललेलं कुणाला कळत न्हाई. वेग पायाला कळतो. जोर मातुर आपल्याला कळाया पायजे," असं ते सांगत. स्वतः सातच्या वर क्वचित जात. "दादा, नऊ-दहाची गाणी काय नैवेद्याला ठेवलीत का?" असं मी चिडवायचो. ते हसायचे नाहीत. "चढवाया काय लागतंय? उतरवायचं ठाव आसंल तर चढव."

मला वाटायचं, माणूस घाबरट आहे, म्हणून त्याचं तत्त्वज्ञान करतोय.

एका रविवारी दुपारी चाकणजवळच्या बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये कार्यक्रम होता. आमचं टेबल खाली, समोर जुना लोखंडी पोटमाळा. त्यावर शंभरेक जण नाचत होते आणि त्यात हौसेनं गेलेली माझी बायको वैशालीही होती. माळ्याखाली फक्त पाण्याची पिंपं. दादा तिकडे पाणी प्यायला गेले आणि मी संधी साधली. वेग मिनिटाला एकशे चाळीस ठोक्यांवर नेला आणि दहा जोराचा ट्रॅक लावला. माळ्यावरची सगळी एकाच ठोक्याला उड्या मारू लागली. मी खूश! आपणही काही कमी नाही, असं वाटलं.

दादा धावत परत आले. केसांवर गंजाची भुकटी, मुठीत माळ्याचा गळून पडलेला एक मोठा नट, चेहरा पांढराफटक. "माळा ठोक्यावर झुलतोय," ते माझ्या कानाशी म्हणाले.

मी वर पाहिलं. खरंच झुलत होता, आणि वैशाली हसत उड्या मारत होती.  गाणं बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"बंद केलंस तर वरडतील, पाय आपटतील. माईकवर सांगितलंस तर समदी येकदम जिन्यावर पडतील. जिना येकच हाय. तू वर जा. सरबत आलंय म्हण, चार-चार जण उतरव."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो. पायाखालचं लोखंड प्रत्येक ठोक्याला कण्हत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. खाली दादांनी आधी खर्जाचा दणका काढून घेतला. मग त्याच पट्टीतला आठ जोराचा ट्रॅक, मग सहाचा, मग चारचा. वेग एकशे चाळीसवरून हळूहळू एकशे वीसपर्यंत आला. उड्यांचं डोलणं झालं, डोलण्याचं नुसतं उभं राहणं झालं. कुणालाही काही कळलं नाही. लोक कंटाळून, तहान लागली म्हणून उतरले. वैशाली शेवटच्या घोळक्यात होती. "अहो, किती मस्त चाललं होतं! झोपवलं की हो त्यांनी," असं म्हणत ती माझ्या शेजारून गेली.

माळा रिकामा झाल्यावर दादा स्पीकरमागे मटकन बसले.  आयोजकाला त्यांनी नट दाखवला आणि त्याच्यादेखत जिन्याला कुलूप घालायला लावलं. तेवढ्यात पोरं तक्रार घेऊन आली, "काय राव, ऐन रंगात बोअर केलं." मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाले, "व्हय, माझंच चुकलं. वय झालं आता."

नंतर मी विचारलं, खरं का नाही सांगितलंत? "तुझं नाव निघालं आसतं, भावा. तुला अजून वाजवायचं हाय."

त्यांना मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही. 'झोपवणारा डीजे' म्हणून चेष्टा झाली. वही माझ्याकडे देऊन त्यांनी वाजवणं सोडलं. मला बोलावणी येत राहिली, अजूनही येतात, आणि प्रत्येक ठिकाणी आता मीही आधी छत बघतो, जिना बघतो.

वैशाली अजून कधीतरी म्हणते, "त्या आस्तेंनी त्या दिवशी सगळी मजा घालवली हो." मी मान डोलावतो. तिला खरं सांगायचं तर तो दहाचा ट्रॅक कुणी लावला, तेही सांगावं लागेल.