न दुखणारी गाठ

आक्काच्या गाठीवर पहिला इलाज झाला तो तंबाखूच्या पानाचा. निपाणीत पानाला काय कमी? माझी थोरली बहीण त्या गावात सून म्हणून गेली आणि लगेचच वखारीत तंबाखू चाळायला बसली. दिवसभर तोंडाला पदर बांधून त्या धुरळ्यात खोकायचं, आणि संध्याकाळी त्याच तंबाखूचं पान एरंडेल लावून तव्यावर गरम करून छातीला बांधायचं. त्या गल्लीत गुडघा सुजला तरी पान, करट झालं तरी पान, डोकं धरलं तरी पान.

सासूचं म्हणणं, ती दुधाची गाठ. धाकट्याला अंगावरून तोडला तेव्हा राहिलेली. तो धाकटा तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता! पण सासूला हे कोण सांगणार?

"दुखतंय का?" तिनं विचारलं होतं.

"न्हाय."

"मग कशाचं काय! जिरंल आपोआप."

झालं, निकाल लागला. बाईचं दुखणं मोजायचं त्या घरात एकच माप होतं. काम थांबण्याइतकं दुखलं तर आजार, नाहीतर नखरे.

मी तेव्हा बेळगावात एका मराठी शाळेत शिकवत होते. दिवाळीला निपाणीला गेले. अभ्यंगाच्या दिवशी आक्काच्या पाठीला तेल लावायला बसले आणि तिचा पदर सरकला. पानांनी कातडी भाजून काळी पडली होती आणि तिच्याखाली सुपारीसारखी टणक गाठ. सासू म्हणाली, "पिकाय लागलीया, आता फुटंल." माझं डोकंच फिरलं. दिवाळीच्या दिवशी मी त्या घरात जो तोंडाचा पट्टा सोडला, त्यावरून पुढं कितीतरी वर्षं दाजी मला 'शाळामास्तरीण' म्हणून टोमणे मारत.

मारू देत. मी आक्काला बेळगावला आणलंच. दाजीही आले. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान वर करून विचारलं, "यजमान कोण?" मग दोघं पुरुष बाहेर व्हरांड्यात गेले. काय बोलणं झालं ते ना आक्काला कळलं ना मला. दाजी आत येऊन एवढंच म्हणाले, "बारीकसं आपरेशन हाय. गाठ काढत्यात."

आक्का शुद्धीवर आली तेव्हा छातीची एक बाजू सपाट होती. तिनं पट्टीवरून हात फिरवला. परत फिरवला. मग दाजींकडं बघून म्हणाली, "परसातला दोडका तोडायचा तरी मालकाला इचारत्यात. माझं काढताना मला का इचारलं न्हाय?"

"तू घाबरली असतीस," दाजी म्हणाले.

घाबरली असती! घाबरायचा हक्कही तिला नव्हता. त्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे असं सगळे सांगायचे. असेल. हात चांगला होता, काढायचं होतं तेच काढलं. पण ज्या बाईचं काढलं तिच्याशी एक शब्द बोलायला त्यांचं काय जात होतं?

पुढच्या तपासणीला आक्का मनात एकच प्रश्न घेऊन गेली. तिची मुलगी नुकती न्हाती झाली होती. "माझ्या पोरीला बी हुईल का? आधी कळायचं कसं?" डॉक्टर दाजींकडं वळले. "त्यांना सांगा, नको ते विचार करू नका म्हणून."

"विचारणारी इथं बसलीय," मी ओरडलेच. "तिच्याकडं बघून बोला."

डॉक्टर लाल झाले. पण बोलले. पाळी होऊन गेली की दर महिन्याला बोटं सपाट ठेवून काखेपर्यंत चाचपायचं. बऱ्याच गाठी साध्या असतात, पण ते घरी ठरवायचं नाही. आणि आक्काला झाली तसली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, ताबडतोब यायचं. एवढंच. पाच मिनिटांचं सांगणं. वखारीच्या भिंतीवर कुणी खडूनं लिहिलं असतं तरी आक्का वेळेत आली असती. 'थुंकू नये' तेवढं मात्र प्रत्येक भिंतीवर होतं.

निपाणीला परतल्यावर दाजींनी बजावलं, "पोरीच्या कानावर ह्यातलं काय घालायचं न्हाय. उद्या स्थळं याची हायत." सासूनं आक्काची कपबशी वेगळी ठेवली, पोरांना लागेल म्हणून. कॅन्सर हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. 'तसला आजार' म्हणायचे, जणू आक्कानं कुठंतरी तोंड काळं केलं होतं. मी पोरीशी बोलायला गेले की आक्काच मला गप्प करायची. "माझी पोर हाय. माझं मी बघीन," म्हणायची. मला तिचाही राग यायचा.

दोन-तीन वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले होते. दाजी कामावर होते. दुपारची वेळ, पोर मागं भांडी घासत होती. आक्कानं तिला हाक मारली, हात पुसायला लावले आणि समोर बसवलं. दार लावलं नाही. सासू उंबऱ्यात उभी होती. आक्कानं चोळीची गाठ सोडली, पोरीचा हात धरला आणि राहिलेल्या बाजूवर ठेवला.

"बोटं सपाट ठेव. असं. हितं लागतंय का काय?"

पोरीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं सरकून हात लावला. टणक. तशीच.

"आक्का, कधीपासनं?"

"परवा गावली. उद्या जाऊया बेळगावला. ह्या खेपंला डाक्टर माझ्यासंगं बोलंल, न्हाईतर मी टेबलावर चढत न्हाय." मग उंबऱ्यातल्या सासूकडं बघून म्हणाली, "आत्या, तुमी बी या. हात लावून बघा एकदा दुधाची गाठ."

सासू जागची हलली नाही.

पोरीचा हात अजून तिथंच होता. रडू आवरत तिनं विचारलं, "आई, दुखतंय का गं?"

"न्हाय," आक्का म्हणाली. "तेच ध्यानात ठेव. दुखत न्हाय."