वेल्डरच्या भुवया

मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली कानमिस्त्री म्हणायची. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे; की दुखणं कुठलं ते त्यांना कळायचं. तोवर गॅरेजात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. या कानावर संसार झाला, लेकीचं शिक्षण झालं. आणि आता कानानंच दगा दिला होता. उजवा जवळजवळ गेलेला, डावा निम्मा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मिस्त्रींनी घरातही तोंड उघडलं नव्हतं.

धंदा मात्र चालू होता, तो समोरच्या वेल्डरच्या भुवयांवर. इंजिन सुरळीत असलं की वेल्डर कामात मुंडी घालून बसायचा. सायलेन्सरमधून फट् झालं की त्याच्या भुवया कपाळावर जायच्या आणि इकडे मिस्त्री इंजिनचा पेट्रोलचा स्क्रू जरा मागे घ्यायचे. आपण दुसऱ्याचं दुकान चालवतोय, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. पण असं चोरून जगणं माणसाला पार दमवतं. संध्याकाळी मिस्त्री घरी येऊन पोतं टाकावं तसे पडायचे.

त्यात लेकीनं आपली गाडी आणली. हौसेनं तिनं मोकळा एअर फिल्टर आणि नवा सायलेन्सर बसवला होता. हवा भरपूर जायला लागली, पेट्रोल मात्र जुन्याच मापानं. गाडी तापायची, अडखळायची. पेट्रोल वाढवणारी डबी लावणं भागच होतं. डब्या दोन प्रकारच्या: एक स्क्रू फिरवून कानानं जुळवायची, दुसरी सायलेन्सरमधल्या सेन्सरनं धूर तपासून आपलं आपण ठरवणारी.

"स्क्रूवाली आणलीय, बाबा," लेक म्हणाली. "उद्या लांब जायचंय. लावून द्या."

जुळवणी चुकली तर भर रस्त्यात पिस्टन जळणार, आणि गाडीवर पोटची पोर. मिस्त्रींनी डबी लावली, गाडी चालू केली, पेचकस टेकवला, डोळे मिटले आणि सवयीनं ते किलकिले करून समोर पाहिलं. वेल्डरचं शटर बंद होतं.

त्यांनी स्क्रू फिरवला. काही कळेना. आणखी फिरवला. "झालं," म्हणायला तोंड उघडलं, तोच नजर लेकीवर गेली. त्यांनी गाडी बंद केली.

"ही परत कर. सेन्सरवाली आण."

"का?"

"मला ऐकू येत नाही, बाळा."

रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आला तो नुसता थकवा. ते स्टुलावर बसले. लेक वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"ठाऊक आहे," ती सावकाश, शब्द सुटे करत म्हणाली. जेवतानाही ती हल्ली डावीकडेच बसायची, हे मिस्त्रींच्या आत्ता लक्षात आलं.

"मग ही स्क्रूवाली कशाला आणलीस?"

"वाटलं, आज तरी सांगाल."

"आणि नसतं सांगितलं तर?"

लेकीनं त्यांच्या हातातला पेचकस काढून घेतला.

"तर गेले असते तशीच."