बॉयलरची काच आन नारळाचं पाणी

हे मी कौसाला सांगितलं न्हाई – मंग ती असेपर्यंत दुसऱ्या कुणाला सांगायचा सवालच नव्हता. कौसा म्हंजी माझी बायको. दिवाळीच्या आधी गेली. तुम्ही ओळखीचे न्हाईत म्हणून बरं. चार ओळखीच्यांपुढं तोंड उघडलं नसतं.

मी जालन्याला सरकीच्या तेलाच्या मिलमधी बॉयलरवर होतो. चौथी शिकलेला, पण लायसनची परीक्षा पास झालेला माणूस. बॉयलर म्हंजी काय – मोठी लोखंडी टाकी, खाली जाळ, आत वाफ. आत पाणी किती हाय ते बाहेरून दिसावं म्हणून पुढं एक काचेची नळी असती. हातभर लांब. बॉयलरवाल्याचा सगळा जीव त्या नळीत.

वर्षातून एकदा इन्स्पेक्टर सायब यायचे. त्यांच्यासाठी बॉयलर थंड करायचा, उघडायचा, आतून खरडून साफ करायचा. सायब बॅटरी घेऊन आत शिरायचे, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचे. सगळं बराबर असलं तर वर्षाची परवानगी. त्या साली त्यांनी सगळं पास केलं, फक्त काचेवर नख फिरवलं. म्हणले, “चीर गेली बघ हिला. बदल. आन बदलली का मालकाच्या सहीनं मला कळव.”

शेठनं नवी काच आणून दिली, पेपरात गुंडाळलेली. नळीच्या वरखालचे दोन कॉक, म्हंजी तोट्या, बंद करायचे, जुनी काढायची, नवी बसवायची. अर्ध्या घंट्याचं काम. केलं का मी? न्हाई. का न्हाई केलं? बिलकुल आळस, दुसरं काही न्हाई. आज करू, उद्या करू. मंग शेठनं कागद पुढं केला – “बदलली ना रे?” मी म्हणलो, “हो शेठ, कवाच.” त्यांनी सही केली, खाली मी केली. काच कपाटात. पेपरातच.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. इथंच थांबलो असतो तर लिहायला बसलोच नसतो.

खंडेनवमीला मिलमधी बॉयलरची पूजा व्हायची. शेठला पूजेच्या वक्ताला भोंगा वाजवायची लई हौस, म्हणून जाळ घालून वाफ करून ठेवायची. पूजा दरसाल कौसा करायची. बॉयलर माझा, म्हणून मान तिचा – असं शेठाणीच म्हणायच्या. त्या दिवशी मी नळीसमोरचं जाड्या काचेचं कव्हर – नळी फुटली तर वाफ अडवणारं – पुसायला काढल्तं. चकचकीत दिसावं म्हणून. परत लावलंच न्हाई.

कौसानं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. वाटीतलं पाणी तीनदा उडवलं. तिसऱ्यांदा – काच फुटली. तिच्या उजव्या हातावर वाफ आली, मनगटापासून कोपरापर्यंत. मी पळत जाऊन कॉक बंद केले. एवढं बराबर केलं.

शेठनं विचारलं, “काय झालं?”

आता ऐका. मी नवऱ्यासारखा तिच्याकडं पळालो न्हाई. आधी कागदावरची सही आठवली. मी म्हणलो, “गरम काचेवर थंड पाणी पडलं शेठ. हिनं नारळाचं पाणी उडवलं ना.”

ती ऐकत होती. हात धरून, भुईवर बसून. मला वाटलं, आता म्हणंल – दरसालच उडवते की मी. तसं म्हणली न्हाई. दवाखान्यातून येताना रिक्षात एवढंच बोलली, “माझ्यामुळं झालं ना हो?”

मी म्हणलो, “मंग काय तर.”

दुसऱ्या दिवशी कपाटातली काच काढून बसवली. अर्धा घंटा बी लागला न्हाई.

पुढल्या खंडेनवमीला कौसा आली न्हाई. म्हणली, माझा हात नको. पूजा शेठाणींनी केली. आन त्यांनी बी पाणी उडवलं, सवयीनं – बराबर काचेवर. मी दोन पावलं मागं सरलो. काचेला काही झालं न्हाई. पाणी नुसतं वाळून गेलं. त्या दिवशी घरी येऊन सांगायला काय हरकत होती? भाकर खाल्ली, पान लावलं, गप बसलो.

त्यानंतर कौसानं आयुष्यात नारळ फोडला न्हाई. राजूरच्या गणपतीला आम्ही चतुर्थीला जायचो, तवा नारळ माझ्या हातात द्यायची. “तुम्ही फोडा, तुमच्या हाताला यश हाय.” माझ्या हाताला! पोरीच्या लग्नात बाया म्हणल्या, अगं आई हायेस तू, फोड की. ती हसून म्हणली, “मी बॉयलर फोडलाय बाई, माझ्या हाती नारळ देऊ नका.” सगळ्या हसल्या. मी बी हसलो. ते हसणं मला वाफेपेक्षा जास्त आठवतं.

गेली तवा बायांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. एक म्हणली, “ह्या हातावर नारळाच्या पाण्याचा डाग हाय बघा.” मी दारात उभा होतो. तवा बी सांगता आलं असतं. एवढी माणसं जमल्ती.

मला तिला तिच्या आजाराच्या दिवसांत सांगायचं होतं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं हाय. सांगायचं नव्हतंच. तिनं मला चांगला बॉयलरवाला समजावं, एवढंच पाह्यजे होतं मला.

परवा पोर माहेरी आली, तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती उठून गेली आन चहा केला – तिचा एकटीचा. बराबर केलं तिनं. पण त्या दिवसापासून छातीवरचं वजन उतरलंय, हे लपवून काय करू? हलकं वाटून राह्यलं. भाकर गोड लागती. याची बी लाज वाटती, पण लागती.

काल देवापुढं मी नारळ फोडला न्हाई. पोरीच्या हातात दिला, म्हणलो, तुझ्या आईच्या नावानं तू फोड. तिनं फोडला, आन वाटीतलं पाणी घरभर उडवलं – देवावर, भिंतीवर, कौसाच्या फोटोच्या काचेवर.

काच मी बदलली नव्हती. कौसाचा काही दोष नव्हता.