दर्शनी बाजूची मंजुरी

आमच्या घराच्या नकाशाला कचेरीत मंजुरी मिळू नये म्हणून मी देव पाण्यात घातले होते. सूनच घर अडावं म्हणून देवाला साकडं घालते आहे, हे कुणाला कळलं असतं तर मला सरळ माहेरी धाडलं असतं. मला घर नको होतं असं नाही. मला खिडकी हवी होती. आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काढवून घेतलेल्या नकाशात माडीला रस्त्याच्या अंगाला सलग कोरी भिंत होती.

आमचं मूळ घर कोडोलीचं. गुळाच्या व्यापारात मामंजींचं बस्तान बसलं तसं सगळं बिऱ्हाड कोल्हापुरात आलं. गावी घरच्या बायका विहिरीवर, मळ्यात जायच्या. शहरात पैका आला तसा गोषा आला. थोरामोठ्या मराठ्यांच्या बायका पडद्यात असतात, मग आपल्याही असल्या पाहिजेत, एवढाच त्यामागचा विचार. भाड्याच्या घरात आम्ही दोघी जावा माजघराच्या पलीकडं पाऊल टाकत नव्हतो. परसात जावं तर तिथं दिवसभर गुळाच्या गाड्या उभ्या आणि हमालांचा राबता. मी गगनबावड्याकडची, रानावनात वाढलेली. त्या अंधारात मला जीव नकोसा व्हायचा, पण मी निदान धडधाकट होते.

थोरल्या जाऊबाई तशा नव्हत्या. मी त्यांना आक्का म्हणायची. संध्याकाळ झाली की त्यांच्या अंगात कणकण भरे, खोकला थांबत नसे, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टर आले. पडद्यातून बाहेर काढलेल्या हाताची नाडी बघून पलीकडूनच म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे मोकळी हवा आणि ऊन. यांची खाट उघड्या खिडकीशी ठेवा." मामंजी बरं म्हणाले. डॉक्टरांना ते नेहमी बरं म्हणत.

महाराजांच्या राज्यात तेव्हा शहराचं रूप पालटत होतं. बोळ रुंद होत होते, नवे रस्ते पडत होते. अशा रस्त्याला लागून बांधायचं तर घराची दर्शनी बाजू कशी दिसणार याचं चित्र आधी कचेरीत पसंत करून घ्यावं लागे. आमच्या चित्रापायी कचेरीतले ओव्हरसियर स्वतः घरी आले. सोप्यात त्यांनी नकाशा पसरला आणि आम्ही दोघी दाराआड कान लावून उभ्या राहिलो.

"ही कोरी भिंत चालायची नाही," ते म्हणाले. "या रस्त्यावर प्रत्येक माडीला कमानीच्या खिडक्या हव्यात. तुमची तीन खणांची जागा, तीन खिडक्या दाखवा."

"आमच्या बायका रस्त्याला मांडायच्या न्हाईत आमास्नी," मामंजी म्हणाले.

"बायकांचं मला काही सांगू नका. रस्ता कसा दिसतो तेवढं माझं काम."

आक्कांनी माझा हात घट्ट दाबला. "भला माणूस हाय गं," त्या कुजबुजल्या. मलाही तसंच वाटलं. मामंजींच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नकाशा परत आला. मामंजींनी भिंतीवर वेलबुट्टी काढून तो पुन्हा धाडला, तो पुन्हा परत आला. मग भिंतीत नुसते कोनाडे दाखवले, तेही नापास. दर वेळी मामंजी सोप्यात आदळआपट करत आणि आम्ही दोघी आत तोंडाला पदर लावून हसत असू. आक्का हसता हसता खोकत. कोपऱ्यातल्या घंगाळात माझे देव तसेच बुडालेले होते. ह्यांना, माझ्या नवऱ्याला, मी कितीदा म्हटलं, "तुमी बोला की मामंजींस्नी. आक्कांचा जीव चाललाय." हे म्हणायचे, "आबांम्होरं बोलायची माझी काय बिशाद." थोरले भाऊजी, आक्कांचे यजमान, तर गुळाच्या खरेदीसाठी सदा गावोगाव, आणि घरी असले तरी तेही मुके.

अखेर एके दिवशी हे पेढे घेऊन आत आले. मंजुरी मिळाली होती.

"खिडक्या?" मी विचारलं.

"तीन हायत की. रस्त्याकडनं," हे म्हणाले आणि पागोटं खुंटीला लावायला वळले.

मी देव पाण्यातून काढून पुसले. बांधकाम चाललं त्या महिन्यांत आम्ही जागेवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आक्का पडल्या पडल्या बेत करायच्या. मधल्या खिडकीशी खाट, उशीला ऊन येईल अशी. "बाहीर कोन बघतंय मला? मीच बघतो की रस्ता," म्हणायच्या. त्या वाळत चालल्या होत्या, पण तोंडावर तजेला होता, आणि मी मूर्खासारखी त्यावर भरवसा ठेवला.

वास्तुशांतीच्या दिवशी पडदा लावलेल्या दमणीतून आम्हाला नेलं. घराशी गाडी वळली तेव्हा मी पडदा बोटभर सारला. वर तीन कमानी, तिन्हींत हिरव्या झडपा, खाली दगडी नक्षी. "आक्का, हायत," मी म्हणाले. त्या रडायला लागल्या. मी त्यांना दमणीतच ठेवून मागच्या दारानं आत शिरले आणि जिना चढून वर गेले.

वर रस्त्याच्या बाजूला चुन्यानं पांढरी केलेली, गुळगुळीत, सलग भिंत होती. मी तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. कुठंच फट नव्हती. उजेड काय तो कौलातल्या एका काचेतून येत होता.

हे मागोमाग आले होते. "कचेरीला बाहीरनं खिडक्या पायजे हुत्या, आबांस्नी आतनं भिंत," ते म्हणाले. "ओव्हरसियरनंच वाट काढली. झडपा भिंतीवर ठोकल्यात. दोघांचंबी झालं." त्यांच्या स्वरात सुटका झाल्यासारखं होतं, याचा राग मला अजून येतो.

आक्कांना आम्ही धरून वर आणलं. त्यांनी चारी भिंतींकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. खाट त्याच भिंतीला लावायला लावली आणि तिकडं पाठ करून निजल्या. खाली पंगतीला बसलेले पाहुणे मामंजींना सांगत होते की या रस्त्यावर असं देखणं घर दुसरं नाही.

आक्का त्या पावसाळ्यात गेल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. आणि आमच्यातल्या रीतीप्रमाणं तोंड उघडं ठेवून त्यांना पुढच्या दारानं रस्त्यावर काढलं. भर दुपारी, सगळ्या पेठेदेखत. मामंजी खांदा द्यायला पुढं होते.

आम्हा बायकांना उंबऱ्याबाहेर जायचं नव्हतं. मी माडीवर पळाले, त्या भिंतीशी उभी राहिले आणि कान लावला. खाली खूप माणसांची पावलं वाजत होती. ती कोणत्या बाजूला वळली तेवढंही मला कळलं नाही.