उलटा धडा

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस ते दुरुस्तीचा वर्गही घ्यायचे. वर्गात बायका-पुरुष मिळून अठराजण आणि मशीन एकच. पुढच्या चौघांना मशीन दिसायचं, बाकीच्यांना मिस्त्रींची पाठ. मागच्यांनी कुरकुर केली तेव्हा वर्ग चालवणाऱ्या बाईंनी सुचवलं, धड्यांचे व्हिडिओ करा, म्हणजे ज्याला त्याला घरी आपापल्या मशीनसमोर बघता येतील.

भाचीने कॉम्प्युटरवर व्हिडिओ कापण्या-जोडण्याचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पैसे लागत नाहीत एवढंच तिने सांगितलं. वेळ किती लागतो ते नाही. पहिला धडा मशीन खोलण्याचा. मिस्त्रींनी फोन कपाटाच्या फळीला सुतळीने बांधला, मशीन खोललं, आणि मग तीन दिवस बसून त्यातला खोकला, दारावरची बेल आणि मध्ये मध्ये येणारं स्वतःचं टक्कल कापून काढलं. मान आखडली ती आखडलीच. त्यात दुसरा धडा मशीन परत जोडण्याचा. नुसत्या विचारानेच त्यांना घाम फुटला.

अशा वेळी त्यांना एक बटण सापडलं. त्याने व्हिडिओ उलटा चालायचा. दाबल्याबरोबर सुटे स्क्रू मिस्त्रींच्या बोटांना धरून आपापल्या भोकांत गेले आणि फिरत फिरत घट्ट बसले. पाच मिनिटांत अख्खं मशीन जोडून तयार. मिस्त्री बेहद्द खूश झाले.

आवाजही उलटा झाला होता, तो त्यांनी पुसून टाकला. स्वतःचा घसा बसलेला, म्हणून बायकोला माइकसमोर बसवून कागद हातात दिला. ती पडद्याकडे बघत मध्येच काहीतरी सांगू लागली, तर मिस्त्री म्हणाले, तू फक्त लिहिलंय ते वाच. तिने वाचलं. धडा रवाना झाला.

पुढच्या वर्गात पडदे शिवणाऱ्या बाई वही घेऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमची पिन टेबलावरून उडी मारून आपोआप आत जाते आणि मग तुम्ही हातोडी मागे घेता. आमची पिन उडतच नाही. हातोडी कोणती वापरायची?"

मागून एकाने विचारलं, सगळं जोडून झाल्यावर तेल परत कुपीत कसं घ्यायचं. कोणी हसलं असतं तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. पण अठराही जण पेन उघडून उत्तराची वाट बघत होते.

घरी येऊन त्यांनी कसंबसं सगळं सांगितलं. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तेच तर मी सांगत होते."

या वेळी मशीन खरोखर जोडलं. फोन बायकोने धरला, "हात बाजूला घ्या, काही दिसत नाहीये," असं दर दोन मिनिटांनी बजावत. चौदाव्या मिनिटाला मिस्त्रींनी एक चकती उलटी बसवली. चाक अडलं, सगळं पुन्हा उघडावं लागलं. नंतर कॉम्प्युटरवर ते नेमका तोच भाग कापायला निघाले, तर बायकोने माऊसवर हात ठेवला.

"राहू द्या की. तेही तिथेच चुकणार आहेत."

"अगं, अठराजण बघतील."

"बघू देत. चुकल्यावर सोडवायचं कसं, हे कोण दाखवतं त्यांना?"

मिस्त्रींनी माऊस सोडला आणि धडा तसाच पाठवला.

तो धडा बघून बहुतेकांचं मशीन पहिल्या खेपेला जोडलं गेलं. पडदेवाल्या बाईंनी चौदावं मिनिट सहा वेळा पाहिलं होतं. त्यांपैकी तीनदा शिकण्यासाठी, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. उरलेल्या तीन वेळा नवऱ्याला आणि सासूला बोलावलं होतं. मिस्त्रींचे कान लाल झाले, पण वर्गात पहिल्यांदाच मागची रांग त्यांच्याशी मोकळेपणी बोलत होती, हेही त्यांच्या लक्षात आलं.

तिसऱ्या धड्याची तयारी करताना त्यांनी बायकोला जरा चाचरतच विचारलं, यातही एखादी चूक ठेवायची का.

"मुद्दाम नको," ती फोन पुसत म्हणाली. "तुम्ही नेहमीसारखं काम करा, म्हणजे झालं."